ठराव क्रमांक सहा, सूचक: आई

तुमच्या सोसायटीच्या मागच्या वार्षिक सभेत तुम्ही कोणता ठराव मांडलात, सांगता येईल? हसू नका. आपण सभेला गेलोच नव्हतो, म्हणजे आपण काही मांडलं नसणार, असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्या आईलाही तसंच वाटत होतं.

आमचं घर नगरला, मनमाड रस्त्याच्या आतल्या अंगाला एका गृहनिर्माण सोसायटीत. बैठी घरं, बहुतेक घरांपुढे एक जास्वंद आणि एक लूना, मध्ये मोकळी जागा, तिथे एक कडुनिंब आणि एक हापसा. आई सरकारी दवाखान्यात परिचारिका. कर्ज तिच्या पगारावर निघालं, म्हणून घर तिच्या नावावर आणि सभासदही तीच. सगळी कॉलनी तिला सिस्टर म्हणायची. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे. छापताना बिघडलेली पत्रकं ते घरी आणत आणि आम्ही त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गणितं सोडवत असू. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला विडी कामगारांच्या मोर्चाचं कव्हर होतं, इतिहासाच्या पुस्तकाला जयंतीच्या मिरवणुकीचं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे शब्द मला माझ्या स्वतःच्या नावाच्या आधी वाचता आले.

आजोबांच्या गावी विहिरीवर आपल्या माणसांना दोर लावता येत नसे, कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत थांबावं लागे, हेही मला दादांनी अशीच पत्रकं वाचून दाखवता दाखवता सांगितलं होतं. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत माझं डोकं जरा लवकर तापतं. हे आधीच सांगून ठेवते.

आमचा हापसा कॉलनीपेक्षा जुना. घरं बांधायची म्हणून कंत्राटदाराने आधी बोअर घेतली होती. बांधकामावर जी माणसं आली त्यांत खर्ड्याकडची एक बाई होती, सगळे तिला आक्का म्हणत. घरं झाली, कंत्राटदार गेला, आक्का मात्र मागच्या वस्तीत राहिली. वस्तीला नळ होता, पण उन्हाळ्यात तो नुसता फुसफुस करायचा. मग वस्तीतल्या बायका कॉलनीच्या मागच्या फाटकातून येऊन हापशावर पाणी भरायच्या. आक्का रोज सकाळी दोन हंडे घेऊन यायची. गुडघा धरलेला, तरी हापसताना तोंड चालू.

“सिस्टर, तुमच्या भिंतींना म्याच पानी मारलंय बरं का. लई प्याल्यात. आता मला द्या म्हनावं थोडं.”

त्या उन्हाळ्यात आक्काची सून बाळंत झाली होती. आईच्याच दवाखान्यात. मुलगी झाली, आणि आक्का आईला पेढ्याऐवजी गूळ देऊन गेली.

मग एका सकाळी मी दूध आणायला निघाले तर मागच्या फाटकाला साखळी आणि कुलूप. पलीकडे आक्का, डोक्यावर एक हंडा, कमरेवर एक. तिने कुलूप हलवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वळली. आता तिला मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या विहिरीवर जावं लागणार होतं. मनमाड रस्त्यावरचे ट्रक कसे जातात हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको.

फाटकाशेजारच्या सूचना फलकावर कागद डकवलेला होता. ‘वार्षिक सर्वसाधारण सभा, ठराव क्रमांक सहा. हापशापाशी चिखल व गलका होत असल्याने मागील फाटक कायमचे बंद करण्यात यावे व मोकळ्या जागेत बाग करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’ आणि खाली, लग्नपत्रिकेत शोभेल अशा अक्षरात: ‘सूचक’. त्यापुढे माझ्या आईचं नाव.

मी धावत घरी. आई रात्रपाळी करून आली होती, चहा गाळत होती.

“आई, तू फाटक बंद करायला सांगितलंस?”

“कुठलं फाटक?”

आई चहा तसाच टाकून, युनिफॉर्मवरच, सेक्रेटरींच्या घरी गेली. मी मागोमाग. सेक्रेटरी म्हणजे एका शाळेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. माणूस इतका सज्जन की कुणाच्या घरी गेला तर पायपुसण्यावर दोनदा पाय पुसेल. आईचा चेहरा पाहून ते उठून उभेच राहिले.

“सिस्टर, बसा ना.”

“हा ठराव मी कधी मांडला?”

“म्हणजे... सभेत.”

“सभेच्या दिवशी मी ड्युटीवर होते.”

“पण तुमची सही आहे की हजेरीवर.”

होती खरी. सभेच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी काका दारोदार फिरून हजेरीच्या सह्या घेत. का, तर सभेला माणसं येत नाहीत आणि कोरम भरत नाही. हे दर वर्षीचं होतं. आईने पोळ्या लाटता लाटता, पिठाच्या हाताने, न बघता सही केली होती. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचं बोट अजून दिसत होतं.

“बरं, सही माझी. पण सूचक?”

काकांचा चेहरा उजळला. हे त्यांना समजावून सांगता येण्यासारखं होतं. “त्याचं असं आहे सिस्टर, सूचक-अनुमोदक मी घर नंबरप्रमाणे लावतो. कुणाचं नाव राहायला नको. गेल्या वर्षी तुमच्या बारा नंबरला अनुमोदक केलं होतं, यंदा सूचक. मान असतो तो. मागे चार नंबरवाले रुसले होते, त्यांचं नाव इतिवृत्तात तीन वर्षं आलं नाही म्हणून.”

“आणि हे इतिवृत्त लिहिता कधी?”

“आदल्या दिवशी. सभेत घाईत अक्षर बिघडतं हो.”

ठराव सहा कुठल्या मथळ्याखाली होता माहीत आहे? ‘आयत्या वेळी येणारे विषय’. आयत्या वेळी येणारा विषय आदल्या दिवशी शाईने लिहून तयार. मला हसावं की फलक फोडावा कळेना. विषय अर्थात काकांच्या डोक्यातला नव्हता. तो अध्यक्षांचा. अध्यक्ष श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आणि अजून त्यांना आम्ही सगळे दुसऱ्या पाळीचे कामगार वाटत असू.

आता माझी पाळी, असं मला वाटलं. मी सतरा वर्षांची होते आणि मला पत्रक लिहिता येत होतं. दुपारभर बसून लिहिलं. मथळा ‘सभासदहो, जागे व्हा!’ तिथून जे सुटले ते थेट मानवमुक्तीपर्यंत. संध्याकाळी दादांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

“उद्गारचिन्हं पुरणार नाहीत. खिळ्यांच्या खणात एवढी नसतात.”

“दादा, चेष्टा करू नका. छापून देणार का?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “आपण इथे इतरांपेक्षा नवे आहोत. दोन वर्षं जाऊ देत.”

“मोर्चाची पत्रकं जुळवताना तुम्ही असं म्हणता?”

“दुसऱ्याचं पत्रक जुळवताना हात थरथरत नाहीत,” दादा म्हणाले. पण पत्रक त्यांनी छापून आणलं. उद्गारचिन्हं निम्मी झाली होती.

मी ते घरोघर वाटलं. दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या ओट्यावर माझ्या पत्रकावर लसूण सोलणं चाललेलं दिसलं. तीन नंबरच्या शिक्षिका काकूंनी मला हाक मारली.

“छान लिहितेस गं. पण यात क्रांती कधी होणार ते आहे, फाटक कधी उघडणार ते नाही.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्यांचं बरोबर होतं.

आईने मात्र पत्रक-बित्रक केलं नाही. तिने सेक्रेटरी काकांनाच नियम विचारला, आणि त्या भल्या माणसाने स्वतःविरुद्ध असूनही पुस्तक उघडून दाखवला: एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर विशेष सभा बोलवावी लागते. आईने अर्ज लिहिला आणि रक्तदाब मोजायचं यंत्र काखोटीला मारून निघाली. तसंही लोक तिला येता-जाता हात पुढे करतच असत. एकेका घरात पट्टा आवळायचा, फुगवायचा, सोडायचा, आणि मग अर्ज पुढे करायचा.

“सिस्टर, तुमच्यावर विश्वास आहे. कुठे करू सही?”

“विश्वास राहू द्या. आधी वाचा.”

“अहो चष्मा आत आहे.”

“मग आणा. मी थांबते.”

एकेका सहीला तिला अर्धा-अर्धा तास लागला. पण ज्यांनी सही केली त्यांनी वाचून केली.

सभा रविवारी सकाळी कडुनिंबाखाली भरली. सतरंज्या कमी पडल्या, असं सेक्रेटरी काका पुढे कित्येक दिवस सांगत. अध्यक्ष खुर्चीवर. मागे फाटक, साखळी, आणि पलीकडे आक्का हंडा पालथा घालून त्यावर बसलेली.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “मंजूर झालेला ठराव मागे घेता येत नाही. शिस्त म्हणून काही असते.”

आई उभी राहिली. “त्या सभेचं इतिवृत्त अजून सभेपुढे वाचून कायम झालेलं नाही. आधी ते वाचा.”

काकांनी वाचलं. खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट. ‘सूचक’ आल्यावर आईने हात वर केला.

“हे माझं नाव. मी फाटक बंद करा असं म्हटलेलं कुणी ऐकलं?”

चार नंबरवाले म्हणाले, “आम्ही तर वडे खात होतो.”

“मी नव्हतेच सभेला. म्हणजे सूचक मी नाही. मग ठराव मांडला कुणी?”

अध्यक्ष म्हणाले, “ती एक तांत्रिक बाब आहे, सिस्टर. नाव कुणाचंही टाकता येतं.”

आणि इथे सेक्रेटरी काका बिघडले. त्यांच्या वहीवर कुणी असं बोलेल हे त्यांना सोसलं नाही. “कुणाचंही नाही, साहेब. माझ्या वहीत लिहिलंय, सूचक सिस्टर. वही खोटी असेल तर मी आत्ता राजीनामा देतो. खरी असेल तर ठराव सिस्टरांचा. त्या म्हणतील तसं.”

“मग माझा ठराव मी मागे घेते,” आई म्हणाली. “आणि आता जो कुणी फाटक बंद करायचं म्हणतो, त्याने उभं राहून, स्वतःच्या नावाने म्हणावं. तिच्या समोर.” तिने मागे बोट दाखवलं.

सगळ्या माना वळल्या. आक्काला आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. तिला वाटलं तिलाच विचारतायत.

“झालं का तुमचं? बसू का जाऊ? पोरीला न्हाऊ घालायचंय घरी!”

कुणी उभं राहिलं नाही. पहिले उठले ते दादा. त्यांच्या हाताला शाईचे डाग होते आणि, मी पाहिलं, हात थरथरत होता. “फाटक उघडावं, असा ठराव मी मांडतो,” ते म्हणाले, मग लगेच, “म्हणजे सभासद ही आहे. मी नुसता नवरा.” हशा पिकला. तीन नंबरच्या काकूंनी तो आईच्या नावाने लिहून घ्यायला लावला आणि स्वतः अनुमोदन दिलं. हात वर झाले. सगळे नाही. अध्यक्षांचा नाही. पण पुरेसे. हापशाभोवती चिखल होऊ नये म्हणून दगडी चौथरा करायचं ठरलं, तो पुढे वस्तीतल्याच माणसांनी बांधला.

कुलपाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात होती. ती काढायला त्यांना बराच वेळ लागला. आक्का आत आली, हापशाच्या दांड्याला लोंबकळली आणि म्हणाली, “एवढी मानसं जमवली, कुनी मेलं का काय?”

पुढच्या वर्षी सेक्रेटरी काकांनी इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहिलं. सवय जात नाही. फक्त ‘आयत्या वेळी येणारे विषय’ या मथळ्याखालचं पान कोरं सोडलं, आणि सह्या गोळा करायला आले तेव्हा आईने त्यांना चहा दिला, सही दिली नाही.

तेव्हा माझं एवढं ऐका. हे वाचून झालं की चप्पल घाला आणि तुमच्या सेक्रेटरींच्या घरी जा. ते चांगलेच असतील, पाणीबिणी विचारतील. त्यांच्याकडे मागच्या सभेची वही मागा आणि तुमचं नाव कुठे आहे ते शोधा. मग आपण काय बंद करायला सांगितलंय ते वाचा, आणि त्या फाटकापलीकडे कोण उभं आहे तेही एकदा जाऊन बघा.