मामांची जर्मन बंदूक

बंदुकीला बोटही न लावता बंदूक सुधारणारा माणूस साऱ्या सिंगापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. जन्मभर जहाजांची इंजिनं सांभाळलेले हे गृहस्थ निवृत्तीनंतर पाया लेबारच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दिसेल ती वस्तू सुधारतात. आमच्या कुकरची शिट्टी त्यांनी सुधारली, तेव्हापासून ती वाजत नाही. "वाफ जाते ना, जावईबापू? मग आवाज कशाला?" खोटं मात्र त्यांना अजिबात खपत नाही. आमच्या लग्नात भटजींनी मुहूर्त साधला म्हणताच यांनी घड्याळ पुढे करून "चार मिनिटं लेट" असं भर मांडवात जाहीर केलं होतं.

तर बंदूक. ती कोल्हापूरला, त्यांच्या थोरल्या भावाच्या परवान्यावर. "संस्थानिकांनी खूश होऊन दिलेली अस्सल जर्मन रायफल," असं मामांचे वडील सांगत आणि भाऊबंद तोंड फिरवून हसत. नव्वदीच्या आईचा मात्र नवऱ्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास. जर्मन शिक्का शोधून आईच्या देखत भाऊबंदांची तोंडं बंद करायची आणि मग बंदुकीला नवा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता चढवायचा, असा मामांचा बेत. इथे सिंगापुरात घरात साधं काडतूस सापडलं तरी तुरुंग, म्हणून सारं काम व्हिडिओ कॉलवर. दस्त्यासाठी लिटिल इंडियातून जवसाचं तेल आलं आणि ते चोळण्याचा सराव आमच्या पोळपाटावर झाला. "दादा, तुझं नाक नको, बोल्ट दाखव!" हा आरडाओरडा महिनाभर चालला. काडतूस आत ढकलणाऱ्या त्या बोल्टवर नुसते आकडे निघाले. "शिक्का लाकडाखाली असणार," मामा म्हणाले.

मग एका रविवारी दादांनी स्क्रू काढून जुना दस्ता उतरवला. मी मामांच्या शेजारीच बसलो होतो. नळीवर शिक्का होता, अगदी स्वच्छ. भारतातल्याच सरकारी कारखान्याचा, तोही स्वातंत्र्यानंतरचा. फोनमधून, दादांच्या मागून आईचा आवाज आला, "काय रे, घावलं का? जर्मनच हाय न्हवं?"

मामांनी चष्मा काढून पुसला.

"जर्मनच, आई. अस्सल." मग घसा खाकरून म्हणाले, "दादा, जुनाच दस्ता बसव. स्क्रू घट्ट आवळ. तिच्यात सुधारण्यासारखं काही नाही."

त्या क्षणी मला मामा फार आवडले. तेलाची उरलेली बाटली त्यांनी आम्हालाच देऊन टाकली. मामा हल्ली काही सुधारायला का येत नाहीत, असं बायको विचारते. मी विषय बदलतो. कुकर अजून मुकाच आहे. नवी शिट्टी आणायची माझी काही इच्छा होत नाही.