भिंत वर काढायचा अर्ज

आमच्या आणि शेजारच्या अक्कांच्या अंगणामधली भिंत माझ्या कमरेला लागते. घर बांधलं तेव्हा कुणाच्या मनात आलं होतं की हिच्यावरून एक दिवस माणूस उड्या मारणार, आणि तोही शहात्तर वर्षांचा! पुढे लोखंडी जाळी आहे, गेटाला कुलूप आहे, मागे आणि दुसऱ्या अंगाला लोकांच्या घरांच्या पाठी आहेत. राहिली ही एक बाजू. आमच्या ह्यांनी नेमकी तीच शोधून काढली. बाकी सगळं विसरले, पण शेवटी वकील; पळवाट तेवढी दिसायची.

संध्याकाळचे पाच वाजले की सुरू व्हायचं. "मी घरी जातो." मी म्हणायची, अहो, हेच तुमचं घर. ते माझ्याकडे बघायचे, पाहुणा म्हणून आलो आणि ही बाई काही सोडेना, असं. त्यांच्या मनातलं घर अळणावरकडच्या खेड्यातलं, लहानपणीचं. ते केव्हाच पडलं, जागाही विकली. एकदा मी हे त्यांना सांगून पाहिलं. इतके रडले की पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पहिल्यांदा भिंत ओलांडली तेव्हा अक्कांच्या अंगणातून, त्यांच्या उघड्या गेटातून निघाले आणि सुभाष रोडला एका कापड दुकानाच्या पायरीवर सापडले. अक्का ब्लाउज शिवतात, दिवसभर बायकांची ये-जा, त्यामुळे त्यांच्या गेटाला कडी म्हणून नसायची. दुसऱ्यांदा हे सिटी बसमध्ये चढले आणि थेट अमरगोळच्या मार्केट यार्डात जाऊन पोत्यांवर बसले. तिथल्या एका हमालानं ओळखलं. त्याच्या बापाचा पेन्शनचा अर्ज म्हणे ह्यांनीच लिहून दिला होता. धारवाडात अर्ज लिहावा तर ह्यांनी, असं लोक म्हणायचे. त्यानं रिक्षात घालून घरी आणून सोडलं. गुडघा फुटलेला, एका पायात चप्पल नाही. मी त्या माणसाच्या पाया पडायची तेवढी राहिले.

त्या दिवसापासून मी ह्यांना संध्याकाळी खोलीत बसवून बाहेरून कडी लावू लागले. लिहिताना लाज वाटते, पण लावत होते. आतून ते दारावर टकटक करायचे. जोरात नाही, परक्याच्या घरी करतात तशी, बेतानं. "बाई, जरा दार उघडता का?" चव्वेचाळीस वर्षं संसार करून मी बाई झाले. ते ऐकू येऊ नये म्हणून मी मिक्सर लावून बसायची, त्यात वाटायला काही नसलं तरी. हे फार दिवस चाललं तर आधी मलाच वेड लागेल, हे मला कळत होतं. भिंत सात फूट करायची आणि ही कडी कायमची काढायची, एवढं एकच मी धरून बसले होते.

गवंड्याला बोलावलं तर तो म्हणाला, सामाईक भिंत आहे, एवढी वर काढायची तर परवानगी आणा, शेजाऱ्यांची सही आणा, नाहीतर मी हात लावत नाही. झालं. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

अर्ज कानडीत हवा होता. ओळखीच्या एका वकिलानं लिहून देतो म्हटलं, पण मला कुठला दम! मराठी शाळेत तीस वर्षं शिकवलं असलं तरी जन्म इथला. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, अक्कांशी मी दिवसभर कानडीच बोलते. कानडी काय, बोटावर आहे माझ्या, असं म्हणून मी बसले आणि एका बैठकीत अर्ज लिहून काढला. यजमान वयस्कर आहेत, विसरतात, भिंतीवर चढतात, पडतात, तरी परवानगी मिळावी. सोबत अंगणाचा नकाशा जोडला. त्यात भिंतीची लांबी दाखवली. उंची कागदावर कशी दाखवायची ते मला कळलं नाही, तेव्हा ती राहिली.

मग अक्कांकडे गेले. म्हटलं, भिंत उंच करतेय, तुमची सही लागेल. अक्कांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "वैनी, आत्ता निदान अण्णा माझ्या डोळ्यांपुढून जातात. भिंत उंच केलीत तर तुम्ही दोघं आत काय करताय ते मला कसं कळणार?" मला ते भयंकर लागलं. आमच्या घरात डोकावता येणार नाही म्हणून हिला वाईट वाटतंय, असंच मी धरलं. तोंडावर म्हणाले, डोळ्यांपुढून जातात तर दोन्ही वेळेला अडवलं का नाहीत? अक्कांचा चेहरा उतरला. मी मागे न बघता घरी आले.

ह्या भिंतीवरून तीस वर्षं कढीपत्ता, ताकाचा तांब्या, वर्तमानपत्र, सगळं इकडून तिकडे गेलेलं. ते सगळं बंद झालं. मी बोलेना, त्या बोलेनात. पण सहीवाचून तर अडलेलं! शेवटी भांडी घासायला येते तिच्या हाती मी अर्ज पाठवून दिला, निरोप काही नाही. तासाभरात अर्ज सहीसकट परत आला, वर डबाभर मटकीची उसळ. मी मनात म्हटलं, आली का शुद्धीवर. उसळ मात्र खाल्ली.

पुढचे चार महिने मी त्या कचेरीत चपला झिजवल्या. खिडकीतले गृहस्थ तसे सभ्य. माझं नाव कधी त्यांच्या लक्षात राहिलं नाही, मी 'गोडे केस', म्हणजे भिंतीची केस. मी दिसले की ते आपणहून म्हणायचे, "नाळे बर्री." उद्या या. त्यांच्या लेखी तो एक 'उद्या' होता. मला घरी जाऊन पुन्हा कडी लावायची होती. एकदा तर बाकावर बसल्या बसल्या मला झोप लागली, आणि जागी झाले तेव्हा खिडकी बंद झालेली. रडूही आलं नाही. रडायलासुद्धा अंगात काहीतरी लागतं.

मग एक साहेब टेप घेऊन पाहणीला आले. लांबी मोजली, भिंत बोटानं टोकरून पाहिली, दगडमाती रस्त्यावर टाकू नका म्हणून बजावलं. मी म्हटलं, छे छे, एक खडाही नाही टाकणार. ह्यांनी साहेबांना नमस्कार केला आणि आपल्याला घरी सोडाल का म्हणून विचारलं. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघितलं.

परवानगीचा कागद हाती आला त्या दिवशी मला पायऱ्या चढतानाही हलकं वाटत होतं. हे ओसरीवर बसले होते. म्हटलं, बघा, मिळाली एकदाची! त्यांनी हात पुढे केला. चष्मा खिशातच असायचा, तो लावला आणि कागद वाचायला लागले. कागद धरायची ती पद्धत, अंगठा दुमडून, मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

"अर्ज कुणी लिहिला होता?"

मी म्हटलं, मी.

"तू काय लिहिलंस? मेलिन गोडे तेगेयलु?" त्यांचा आवाज कोर्टातला होता. "अगं, ही भिंत पाडायची परवानगी आहे."

मी कागद हिसकावून घेतला. मराठीत आपण म्हणतो, भिंत वर काढायची. माझ्या डोक्यात तेच. वर म्हणजे मेले, काढणे म्हणजे तेगे. फोटो काढायचा तर तेगे, दात काढायचा तर तेगे, मग भिंत का नाही? पण कानडी माणसानं वाचलं ते असं: वरील भिंत काढून टाकण्यासाठी. वर कारणही मीच दिलेलं, यजमान तिच्यावर चढून पडतात. कुणाला शंका यावी तरी कशी! त्यांनी जे वाचलं ते मंजूर केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"एत्तरिसलु म्हणावं," ते म्हणाले. "उंच करण्यासाठी. जन्म गेला इथं, पण तुझ्या डोक्यातलं मराठी काही जात नाही." आणि हसले. अगदी पूर्वीसारखे, मला डिवचल्यावर हसायचे तसे. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वाटलं, आले परत. मग त्यांनी चष्म्याची घडी घातली, खिशात ठेवला आणि उठले. "बरंय बाई, निघतो. घरी वाट बघत असतील."

मी कागद तसाच घेऊन अक्कांच्या दारात गेले. भांडायला गेले की आणखी कशाला, माझं मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, तुम्ही वाचलं होतंत ना? काय लिहिलंय ते तुम्हाला कळलं होतं ना?

"हौदु, कळलं होतं," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला पटलं माझं." मग खाली मान घालून म्हणाल्या, "संध्याकाळी ते दार वाजवतात ना, वैनी, ते मला इकडं मशीनवर ऐकू येतं. भिंत गेली तर माझ्या अंगणात तरी फिरतील. माझ्या गेटाला मी कुलूप लावते. बायका हाक मारतील मला, काय बिघडतंय?"

तिथेच त्यांच्या पायरीवर बसून मी रडले. त्यांना ऐकू येत होतं, हे चार महिने माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी काय काय बोलले होते त्यांना.

लोक आता म्हणतात, किती मोठ्या मनानं भिंत पाडलीत. मोठं मन वगैरे काही नाही. दुसरा अर्ज लिहायची, पुन्हा त्या बाकावर जाऊन बसायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मिळालंय ते घ्यावं, एवढाच विचार. गवंड्याला निरोप धाडला. तो विटांचा हिशेब करूनच आला होता. कागद बघून त्यानं मला दोनदा विचारलं, "कट्टोदा, केडवोदा?" बांधायची की पाडायची? मी म्हटलं, पाड बाबा.

दुपारपर्यंत भिंत गेली. दगडमाती अक्कांच्या नारळाच्या बुंध्याशी रचून ठेवली. अक्कांनी गेटाला कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली. पाच वाजले. मी खोलीच्या दाराला कडी लावली नाही, पण हात सारखा तिकडे जात होता.

हे बाहेर आले, चपला घातल्या. "मी घरी जातो." मी वाटेतून बाजूला झाले. भिंत होती तिथे ते थबकले, पायानं जमीन चाचपली आणि पलीकडे गेले. अक्कांच्या कट्ट्यावर बसले. अक्कांनी पाणी दिलं, ते प्यायले. अक्का शिवत होत्या, हे मशीनकडे बघत होते. अर्धा तास गेला असेल. मी आमच्या ओसरीवर खांबाला धरून उभी.

मग ते उठले. अक्कांना नमस्कार करून म्हणाले, "येतो. घरी वाट बघत असतील." आणि वळले. समोर त्यांना आमचं घर दिसलं. ते सरळ चालत आले, पायरीशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलो गं."

दोन वर्षांत हे पहिल्यांदा घरी आले होते. मी म्हटलं, "या."