देवरे मॅडमचं मशीन

देवरे मॅडम लॅबमध्ये आल्या की आधी भिंतीवरच्या व्होल्टमीटरकडे बघत, मग आमच्याकडे. काटा जागेवर असेल तरच हातातली पिशवी खाली ठेवत. नव्वदच्या दशकात अंबडच्या त्या फाउंड्रीत मी त्यांच्या हाताखाली केमिस्ट म्हणून लागलो. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना त्यांच्या स्पेक्ट्रोमीटरवर तपासला जाई. कार्बन किती, सिलिकॉन किती, हे मशीन लगेच सांगे. मॅडमनी "ओता" म्हटल्याशिवाय भट्टी कलत नसे.

मशीन परदेशी, फार नाजूक. शेजारच्या कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली तरी आमचे आकडे हलत. मॅडम सटाण्याच्या. वैतागल्या की अहिराणीत पुटपुटत, "आपला हातमा काय शे?" पण हातात होतं ते सगळं त्यांनी केलं. मशीनसाठी वेगळी लाइन ओढून घेतली, स्टॅबिलायझर बसवला, फाउंड्रीच्या साहेबांच्या मागे लागून यूपीएस आणवला. अर्थिंगच्या खड्ड्यात ओल राहावी म्हणून उन्हाळाभर स्वतः पाणी ओतत. "हा खड्डा कोरडा पडला की आपण मेलो," म्हणत.

पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. वीज जाण्याआधी मशीन नीट बंद करायचं, आल्यावर ते स्थिर होईपर्यंत ताटकळायचं. वेळापत्रक लावलेलं असे, पण वीज त्याप्रमाणे जाईच असं नाही. मॅडमचा डबा बहुतेकदा तसाच घरी जाई.

एका दुपारी ट्यूबलाइट एकदम पांढऱ्याफेक झाल्या, पंखा किंचाळत फिरू लागला. बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रलची तार तुटून लाइनीत भलतंच व्होल्टेज आलं होतं. मॅडम मेन स्विचकडे धावल्या. त्यांनी दांडा खाली ओढला, तोवर यूपीएसमधून धूर निघत होता आणि मशीनचा पडदा काळा पडला होता.

तार जोडायला आलेला लाइनमन म्हणाला, "जुनी तार हाय मॅडम, तुटली. मी तरी काय करू?" सर्व्हिस इंजिनिअरने मशीन उघडून पाहिलं. जळालेली सर्किटची कार्डं आता कुठेच बनत नव्हती. साहेबांनी नमुने पुण्याला पाठवायचं ठरवलं. लॅबला कुलूप लागलं आणि आम्हा दोघांना पॅकिंगमध्ये टेबलं मिळाली.

तिथे एकदा भट्टीवरचा रामदास आला. हातात नुकताच थंड केलेला नमुना.

"मॅडम, मेटल तयार हाय. पुण्याचा रिपोर्ट परवा येणार. तुमाला काय वाटतं, ओतू का?"

मॅडमनी नमुना हातात घेतला, उलटा करून पाहिला, अंगठ्याने घासला.

"बघून कसं कळेल, रामदास?"

"तरी पण, अंदाजे?"

"नाही रे. मला नाही सांगता येणार."

तो नमुना घेऊन गेला. जरा वेळाने भट्टी कलल्याचा आवाज आला. मॅडमनी मान वर केली नाही. त्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या.