होळीत जळालेला बाक

मित्रांनो, आज दिघ्यात माझ्या नव्वदच्या दशकातल्या विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. मी रंगात येऊन जुना किस्सा सांगितला. मुलांनी वर्गातला बाक चोरून होळीत जाळला होता. मॉनिटर सुनीता, जबाबदारी तिची. म्हणून परीक्षेपर्यंत तिला मी फरशीवर बसवलं, तिथूनच रोज कविता म्हणायला लावली.

"काय गोड म्हणायची!" मी म्हणालो. सगळे हसले.

सुनीता नाही हसली. "सर, बाक कोणी नेला ते तुमाला माहीत होतं ना?"

"होतं गं."

"मग मलाच का?"

मी चहा पीत राहिलो. त्या मुलांचे वडील शाळेत भांडायला आले असते. तिचे वडील मार्केटात हमाल. ते येऊन माझ्याच पाया पडले होते.

हे तिला सांगू का? की तिला तेव्हाच कळलं असेल?