मेणाने बुजवलेली नळी

नाशिकरोडला झुंबरबाईंचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. मूळचं ते त्यांचे यजमान गेणूभाऊ यांचं. एक्क्याण्णव साली एक बॅटरी तोंडासमोर फुटली आणि अ‍ॅसिडने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून काम बाई करीत आणि गेणूभाऊ बाकावर बसून नट चाचपून वेगळे करीत. बाईंना बॅटरीची भीती वाटे, आणि ती त्या लपवीत नसत. पाना उचलण्याआधी पदर तोंडावर ओढून घेत.

माझ्या मोटारसायकलच्या टर्मिनलवर सारखी हिरवट-पांढरी बुरशी धरे. बॅटरीच्या वाफेने ती धरते, हे बाईंनीच मला सांगितलेलं. मी आपलं डोकं चालवलं. शहाण्णव सालच्या दसऱ्याला गाडी पुसली, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत मेणबत्तीचं मेण भरलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. कुणाला विचारलं नाही. विचारायचा मला संकोच वाटतो.

आठ-दहा दिवसांत बॅटरीचं पोट फुगलं. गाडी दुकानात नेली. बाईंनी बाजूचं झाकण काढलं आणि हात मागे घेतला. नळीत काय घातलंय, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

त्यांनी आधी गेणूभाऊंना हाताला धरून रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं. आतली वाफ कोंडून बॅटरी फुटायला आली होती; ती तशी सोडता येत नव्हती. थोड्या वेळात समोरची शाळा सुटणार होती. चूक माझी, मेण मी काढतो, असं मी म्हणालो.

"तुमचा हात कापतोय, दादा. धक्का लागला तर दोघंबी जाऊ. मागं सरा."

मी मागे सरलो. याची मला आजही शरम वाटते. त्या दोघांच्या घरात मिळून दोनच डोळे होते आणि तेच बॅटरीवर वाकले होते. बाईंनी ओलं पोतं बॅटरीवर टाकलं, तोंड वळवलं आणि तारेच्या टोकाने मेण टोकरायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकदम फुस्सकन आवाज झाला आणि त्या मागे कोलमडल्या. अ‍ॅसिड मारायला ठेवलेल्या धुण्याच्या सोड्याच्या बादलीत त्यांनी हात बुडवला. वर काढला तो मनगटापर्यंत लाल. 

"झुंबर," पलीकडून गेणूभाऊंनी विचारलं, "दिसतंय का?"

बाईंनी मान वर करून रस्त्यापलीकडे पाहिलं.

"दिसतंय. टोपी वाकडी हाय तुमची." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रगत नाय ते. तुमचीच हळद. सोड्यात गेली की लाल होते."

त्या हसल्या, पण नवी बॅटरी बसवताना त्यांना पाना धरवेना. शेवटी गेणूभाऊंना इकडे आणलं. त्यांनीच टर्मिनल चाचपून आवळले, बुरशी धरू नये म्हणून त्यांवर बोटाने व्हॅसलीनचा पातळ थर दिला, आणि नळी मोकळी आहे ना, हे दोनदा हात लावून पाहिलं. बाई त्यांचा सदरा मागून धरून उभ्या होत्या.