दहिवलीजवळचं आमचं बिऱ्हाड

वृद्धाश्रमात बावीस वर्षं काम केलं की किस्से आठवावे लागत नाहीत. एका आजीचे केस विंचरताना एक घडतो, तोवर दुसरी मागून विचारते, "सुमन, माझा चष्मा कुठाय गं?" आणि चष्मा असतो डोळ्यांवर.

मी लागले तेव्हा आईला इथं ठेवणं लोक लपवायचे. कुसुमआजींच्या मुलाने सोसायटीत सांगितलं होतं, "आई चारधामला गेलीय." एकदा माथेरानहून परतताना त्यांची शेजारीण आश्रमाला देणगी द्यायला आली, तर समोर कुसुमआजी मटार सोलत बसलेल्या. ती चाचरत म्हणाली, "काकू, झाले का चारधाम?"

आजी शांतपणे म्हणाल्या, "तीन झाले. हा चौथा. बस, शेंगा सोल."

पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत जेवणघरात पुरुष आणि बायकांच्या मध्ये पडदा असायचा. नव्या मॅनेजर मॅडमनी तो काढला. त्या दिवशी झाडून सगळे आजोबा गुळगुळीत दाढी करून आले. निवृत्त मुख्याध्यापिका दामलेबाई समोरच्या तात्यांकडे बघत राहिल्या. "तीन वर्षं तुमचं आमटी भुरकणं ऐकतेय. चेहरा आज दिसला."

"मंग? कसा वाटला?"

"आवाज बरा होता."

तेव्हापासून दोघं एकाच टेबलावर जेवतात.

हे तात्या खालापूरकडचे, जन्मभर भातशेती केलेले. खोल्यांत बेल बसवल्या त्या दुपारी त्यांची बेल सात वेळा वाजली. मी वैतागले. "तात्या, होतंय तरी काय?"

"काय नाय गं. पयलं हाका मारून घसा बसायचा. आता खरंच येतेस का, बगत व्हतो."

आठव्यांदा वाजली, तेव्हा चहा घेऊनच गेले.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा वसंतदादा त्यांना घरी न्यायला आला. रसायनीच्या कंपनीतून रिटायर झालेला, बायको गेलेली, घरात एकटाच. तात्यांचं तोंड उतरलं. दामलेबाई जेवायलाच आल्या नाहीत. मी तात्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या, पण हात चालेना.

"दोन दिवस राहतो, मग निघू," वसंतदादा म्हणाला. दोन दिवस तो कॅरम खेळला, चार माणसांत बसून गरम जेवला, पोटभर हसला. तिसऱ्या सकाळी ऑफिसात येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एखादी खाट रिकामी आहे का?"

फॉर्म भरून झाला. खाली जबाबदार नातेवाइकाची सही हवी होती. मॅडमनी तात्यांना बोलावलं. त्यांनी सही केली, नात्यापुढे 'वडील' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश एकेक अक्षर काढलं :

'पोरगा गुनी हाय. पन पालेभाजी खात नाय. लक्ष ठेवा.'