बापाची दहा बोटं

फ्रेंच शिकायला बसलं की पहिल्या महिन्यातच बाप आडवा येतो. नाव काय, राहता कुठे, आणि लगेच, वडील काय करतात. माझी पंचाईत तिथेच झाली.

मी नववीतून शाळा सोडलेला. हिंगोलीकडच्या पुसेगावच्या शाळेत गावाहून चालत जायचो. त्या हंगामात बापाचा उजवा हात मळणीयंत्राच्या पट्ट्यात गेला, दोन बोटं गेली, आणि माझं दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. बाप सालगडी होता. पाडव्याला ठरायचं आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्याच मालकाच्या शेतात राबायचं. हात बरा होईस्तोवर त्याच्या जागी मी राबलो. मग मामेभावाच्या मागे हैदराबादला आलो आणि विद्यापीठाच्या फाटकासमोर एका झेरॉक्सच्या दुकानात लागलो.

त्या दुकानातच मला ते पुस्तक भेटलं. विद्यापीठातल्या पोरांसाठी आम्ही पुस्तकांच्या प्रती काढायचो. फ्रेंचचं एक जुनं पुस्तक अभ्यासक्रमातून गेलं आणि त्याच्या काळपट, वाकड्या निघालेल्या प्रती दुकानात पडून राहिल्या. त्यातली एक मी घेतली. काहून घेतली ते आजही सांगता येत नाही. चित्रं होती म्हणून असेल.

पाठांतराची मला भीती नव्हती. आमच्या वस्तीतल्या विहारात एक म्हातारे आजोबा होते, रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले. ते आम्हा लेकरांना ओळीत बसवून पालीतली वंदना म्हणवून घेत. एक शब्द कळत नसे. कोणी अर्थ विचारला की म्हणत, आधी आवाज बराबर बसू द्या, अर्थ येईल मागून. त्यांच्या कृपेने न कळणारी भाषा तोंडात धरून ठेवायची मला सवय होती. सहा महिन्यांत अख्खं पुस्तक पाठ झालं, खालच्या सूचनांसकट.

मधल्या काळात सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली, मग तशीच बारावी. विद्यापीठात संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग होता, त्यात नाव घातलं. तिथल्या कारकुनाने माझे कागद उलटसुलट करून पाहिले. शाळेच्या दाखल्यावर जिल्हा परभणी, मी फॉर्मवर लिहिलेलं हिंगोली. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. त्याने विचारलं, यातलं खरं कोणतं? दोन्ही खरं आहे हे सांगताना माझी जीभ वळेना. आपण खोटे कागद घेऊन आलो आहोत असं मलाच वाटायला लागलं. ही भीती माझ्यात कायमची बसली आहे. कोणत्याही दारातून आत गेलो की पाठीमागून कोणीतरी बोलावील आणि म्हणेल, तू नाही, बाहेर ये.

त्या वर्गाला शिकवायला एक फ्रेंच बाई होत्या, त्याच वर्षी आलेल्या. उंच, सुती सलवार-कमीज घालणाऱ्या, आणि कोणाचंही म्हणणं अर्ध्यात न तोडणाऱ्या. पहिल्या तोंडी परीक्षेत त्यांनी मला कुटुंबाबद्दल विचारलं. मी डोळे मिटल्यासारखं करून तिसरा धडा म्हणून टाकला. माझे वडील बेकरीवाले आहेत. ते पहाटे चारला उठतात. मला एक मोठी बहीण आहे, ती औषधांच्या दुकानात काम करते.

यात मी खोटं बोललो असं तेव्हा माझ्या मनातही नव्हतं. शाळेत आम्ही ‘माझे कुटुंब’ हा निबंध गाईडमधून पाठ करायचो. त्यात ‘माझे वडील शिक्षक आहेत’ असं होतं. वर्गातल्या एकूणएक पोरांचे बाप शिक्षक होते, आणि गुरुजी प्रत्येकाच्या वहीवर लाल बरोबरची खूण करत. त्यातल्या निम्म्या बापांना गुरुजी रोज शेतात पाहत होते. उत्तर म्हणजे पुस्तकातलं उत्तर. परीक्षेत आपला खरा बाप कोणी मागत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंना मात्र ते पुस्तक माहीत नव्हतं. त्यांच्या येण्याआधीच ते गेलेलं. त्यांनी माझा शब्द न् शब्द खरा धरला. दुसऱ्या आठवड्यात जिन्यात भेटल्या आणि हसून विचारलं, वडिलांची बेकरी कशी चालली आहे? खरं सांगायला माझ्याकडे वाक्यच नव्हतं. पाचव्या धड्यातलं होतं, तेच बोललो: छान चालली आहे, आभारी आहे.

मग ते वाढत गेलं. त्या विचारत, मी पुढचा धडा काढून देई. अकराव्या धड्यात बहिणीचं लग्न होतं, ते मला लावावं लागलं. बाईंनी तिच्यासाठी साबणाची एक डबी दिली, जांभळ्या फुलांचं चित्र असलेली, फ्रान्सहून आणलेली. मला बहीण नाही. ती डबी मी ट्रंकेत कपड्यांखाली दडवली तर सगळ्या कपड्यांना वास लागला, आणि रोज सकाळी शर्ट घालताना मला माझं खोटं हुंगावं लागे.

त्याच वर्षी ठरवलं की फ्रेंचच्या पूर्ण वेळ पदवीला बसायचं. भाषा, साहित्य, संस्कृती, तिन्ही. दुकानाचा मालक सकाळची पाळी बदलून द्यायला तयार झाला, हे त्याचे उपकार. पण नेहमीच्या कॉलेजातून न आलेल्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागत होतं. ते देऊ शकणाऱ्या एकच बाई. त्यांनी आनंदाने लिहिलं, पाकिटात घातलं आणि कार्यालयात देऊन आल्या. मला म्हणाल्या, तुम्ही पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचा मुलगा आहात, तुम्हाला कष्टाची सवय आहे, असं लिहिलं आहे मी.

माझी जागा त्या पाकिटावर अवलंबून होती, आणि पाकिटात बेकरीवाला होता.

वर पुन्हा वर्गात प्रत्येकाने संस्कृतीवर दहा मिनिटं बोलायचं असं निघालं. कोणाला चीज, कोणाला सण. मला पाव. बाई म्हणाल्या, हा विषय दुसऱ्या कोणाला देणं अन्याय होईल.

पाडव्याला तीन दिवसांची सुटी काढून गावी आलो. तेव्हा हिंगोलीला छोट्या रुळांची गाडी होती, अंग खिळखिळं करून सोडायची. साबणाची डबी सोबत घेतली होती, कुठेतरी टाकून देऊ म्हणून. टाकवेना. मायला दिली. तिने वास घेतला, झाकण लावलं आणि विचारलं, कोनं देल्लं? मी म्हटलं, शिकवणाऱ्या बाईंनी. तिने ती देवळीत फोटोसमोर ठेवली, उदबत्तीच्या पुड्याशेजारी. त्या साबणाने आमच्या घरी कधी कोणी हात धुतले नाहीत.

मी मनाशी योजून आलो होतो की हिंगोलीच्या एखाद्या बेकरीत जाऊन भट्टी बघायची, चार गोष्टी विचारून घ्यायच्या, म्हणजे बोलताना अडायला नको. खोटं नीट बोलायची तयारी. मी बेकरीचं नाव काढलं तर बाप म्हणाला की त्याच्या ओळखीची एक आहे, मालकाच्या बैलगाडीतून तिथे लाकडं टाकायला तो जायचा. पाडव्याचा तेवढा एक दिवस तो कोणाचाच गडी नव्हता. जुनं साल संपलेलं, नवं सांजेला ठरायचं. स्वच्छ टोपी घालून माझ्याबरोबर निघाला.

बेकरीवाल्या चाचांनी बापाला ओळखलं. मला भट्टीच्या तोंडाशी उभं केलं, लांब दांड्याची पाटी आत कशी सरकवायची ते दाखवलं. मी वहीत लिहून घेत होतो. ते हसले. “क्या मियाँ, नवी भट्टी डालना है क्या? हमारा धंदा बिठाते क्या?” बाप दारातल्या पोत्यावर बसून सगळं बघत होता. निघताना चाचांनी खारीचा पुडा दिला.

परत येताना नरसीच्या फाट्यावर जीपची वाट बघत थांबलो. बापाने सरळ विचारलं, “फ्रेंच शिकून राहिला म्हनं, मंग भट्टी काहून लिवून राहिला?”

मी सांगितलं. सगळंच. धडा, परीक्षा, बहिणीचं लग्न, साबण, पाकीट. बाप चिडेल असं वाटलं होतं. तो ऐकत गेला. बहिणीच्या लग्नाला त्याला हसूही आलं, म्हणाला, “मले जेवाले तरी बलवायचं व्हतं.” उजवा हात मांडीवर होता. तो उलटा करून त्याने पाहिला.

“त्या पुस्तकातल्या बापाले धा बोटं हायेत का?”

चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. बाह्या सरसावलेला माणूस, दोन्ही हातांत पाव. मी म्हटलं, “हायेत.”

“मंग त्या बाईले माह्या हाताचं काय सांगशीन? उद्या ते आली इकडं तं?”

मी म्हटलं, ती कशाला येईल एवढ्या लांब. हे बोललो आणि लाज वाटली. जीप आली, त्याने खारीचा पुडा माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या मांडीवर धरला, चुरा होऊ नये म्हणून.

परतीच्या गाडीत मी दोन भाषणं तयार केली. एक बेकरीवाल्याचं, गुळगुळीत, चाचांच्या माहितीने भरलेलं. दुसरं खरं, तुटक, कारण त्यात लागणारे शब्द माझ्या पुस्तकात नव्हतेच. पुस्तकात डॉक्टर होता, वकील होता, बेकरीवाला होता. गडी नव्हता. सोमवारपर्यंत ठरेना. खरं सांगितलं तर बाई पाकीट मागे घेतील, आणि मी पुन्हा फाटकाच्या बाहेर, झेरॉक्सच्या उजेडात. नाही सांगितलं तर जागा मिळेल. मग पुढची तीन वर्षं बेकरी चालवावी लागेल.

सोमवारी वर्गासमोर उभा राहिलो. तोंड उघडलं आणि सवयीने पहिलं वाक्य आपोआप आलं: माझे वडील बेकरीवाले आहेत. बाईंनी मान डोलावली. पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते आलं नाही.

मी म्हटलं, नाहीत.

मग काय बोललो ते क्रमाने आठवत नाही. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात काम करतात. हे पुस्तक आहे, ते मी पाठ केलं. बहीण नाही. साबण आईकडे आहे. मळणीयंत्राला शब्द नव्हता म्हणून फळ्यावर चाक आणि पट्टा काढला. मग उजवा हात वर करून दोन बोटं मिटली. बाईंना कळेना. त्या म्हणाल्या, तीन? कोणीतरी हसलं. मी पुन्हा दाखवलं, मिटलेल्या बोटांकडे बोट करून. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. दहा मिनिटांत मी पावाबद्दल एक वाक्यही बोललो नव्हतो.

वर्ग सुटल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. मला वाटलं, झालं. त्या म्हणाल्या, त्यांना वाईट वाटलं आहे, इतके महिने त्या एका चित्राची खुशाली विचारत होत्या. मी मान खाली घालून उभा. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, चला. मी मागून गेलो, माझं नाव काढून टाकायलाच चाललो आहोत अशा खात्रीने.

कार्यालयात तोच कारकून होता. बाईंनी पाकीट परत मागितलं. तो म्हणाला, नोंद झाली आहे. त्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या. शेवटी त्याने फाइल काढली. त्यांनी तिथल्या तिथे पाकीट फोडलं, जुनं पत्र घडी करून पर्समध्ये टाकलं, कोरा कागद मागितला आणि लिहायला बसल्या. मध्येच थांबून मला विचारलं, तुमच्या भाषेत वडिलांच्या कामाला काय म्हणतात?

मी सांगितलं. त्यांना ‘र’ नव्हे, ‘ड’ नव्हे, असं काहीतरी भलतंच यायला लागलं. पुन्हा म्हणवून घेतलं. सालगडी. कारकून वर बघायला लागला. चौथ्या खेपेला बराबर बसलं. मग त्यांनी तो शब्द रोमन अक्षरांत लिहिला आणि पुढे एक-दोन ओळी जोडल्या. त्या मी वाचल्या नाहीत, कारकुनाच्या देखत कागदाजवळ गेलोच नाही.

पुढे साहित्याच्या तासाला शेतात राबणाऱ्यांच्या किती गोष्टी वाचल्या, तेव्हा कळलं की त्या भाषेत शब्द होते, भरपूर होते. माझ्या त्या पुस्तकालाच ते ठाऊक नव्हते. बाईंनाही ठाऊक असणारच. तरी त्यांनी आमचाच शब्द काहून लिहिला हे मी कधी विचारलं नाही. त्यांचे उपकार मोजायला गेलो तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

जून लागता यादी लागली. नाव होतं. मी ते तीनदा वाचलं, जिल्हाही वाचला, हिंगोली. मग पुसेगावच्या एसटीडीवर निरोप ठेवून दोन दिवसांनी ठरल्या वेळी फोन लावला. बाप आला होता. जागा मिळाली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बेस झालं. नव्या पत्राचंही सांगितलं, त्यात आता बेकरी नाही, तुझं खरं काम लिहिलं आहे.

तिकडे कोणाची तरी मोटारसायकल गेली. ती जाईपर्यंत तो थांबला.

“आन बोटं?” त्याने विचारलं. “बोटायचं लिवलं का तिनं?”

मला माहीत नव्हतं. त्या ओळी मी वाचल्याच नव्हत्या. व्हय म्हणणं सोपं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं.

“पाह्यलं न्हाई, बा. विचारून सांगतो.”

“विचार,” तो म्हणाला. “सावकाश विचार.”